संघर्षग्रस्त भागातील आरोग्यसेवक आणि त्यांचे मानसिक आरोग्य

युद्ध किंवा सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात काम करणारे डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक आणि गावपातळीवरील आरोग्यसेवक यांच्या जीविताचे रक्षण व्हावे, असे आंतरराष्ट्रीय कायदा दीडशेहून अधिक वर्षे सांगत आला आहे. या सेवकांच्या मनाचेही रक्षण व्हावे, हा विचार मात्र बराच अलीकडचा आहे. दुसऱ्यांचे दुःख पाहणे हा ज्यांच्या दैनंदिन कामाचा भाग आहे, त्यांना त्या दुःखाची बाधा होत नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. गेल्या काही दशकांतील अनुभवाने तो खोटा ठरवला आहे.

झाशीचा वेढा

मार्च-एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला. नगरा, सिप्री बाजार, सदर बाजार असे आज चहूकडे पसरलेले हे शहर तेव्हा तटबंदीच्या आत वसलेले होते. या वेढ्याचे वर्णन दोन्ही बाजूंनी उपलब्ध आहे. इंग्रजी फौजेसोबत असलेले शल्यचिकित्सक टॉमस लो आणि जॉन हेन्री सिल्व्हेस्टर यांनी या मोहिमेवर पुस्तके लिहिली. तटाच्या आत अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी तोफांचा मारा, शहराची लूट आणि कत्तल स्वतः पाहिली. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचकांना त्या दिवसांची प्रत्यक्षदर्शी हकिकत मिळाली.

त्या शहरात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या वैद्यांची, हकिमांची आणि सुइणींची नावे इतिहासात राहिली नाहीत. अशा प्रसंगानंतर शुश्रूषा करणाऱ्याच्या मनाचे काय होते, हे सांगण्यासाठी त्या काळच्या वैद्यकशास्त्राजवळ शब्दही नव्हता. जखम दिसली तरच तिची नोंद होत असे.

शब्द सापडण्यास लागलेला काळ

पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय नियतकालिकात आणली. तोफगोळ्यांच्या माऱ्यात राहिलेल्या सैनिकांना कंप सुटणे, वाचा जाणे, झोप न लागणे अशी लक्षणे दिसत. अनेकांना ती भित्रेपणाची चिन्हे वाटली. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताणविकार हे निदान अधिकृतपणे स्वीकारले. भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणे, सतत दचकणे आणि ही स्थिती महिनाभराहून अधिक टिकणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

आरोग्यसेवकांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे दुय्यम आघात. स्वतःवर हल्ला झालेला नसतानाही जखमींच्या सतत सहवासाने मनावर होणारा परिणाम या नावाने ओळखला जातो. दुसरी म्हणजे नैतिक आघात. रक्ताची एकच पिशवी शिल्लक आहे आणि जखमी तीन आहेत, अशा वेळी घेतलेला निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्य असला तरी तो घेणाऱ्याच्या मनात अपराधाची भावना वर्षानुवर्षे राहू शकते. ‘नैतिक आघात’ ही कल्पना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून मांडली. पुढे ती वैद्यकीय क्षेत्रालाही लागू करण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त लोकसंख्येत दर पाच व्यक्तींमागे सुमारे एका व्यक्तीला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. स्थानिक आरोग्यसेवक याच लोकसंख्येतील असतात. त्यांचे घरही त्याच गावात असते आणि मुलेही त्याच शाळेत जातात.

डॉ. कोटणीस : गौरवाआड राहिलेला प्रश्न

युद्धभूमीवरील वैद्यकीय सेवेचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात डॉ. अटल, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर आणि डॉ. कोटणीस होते. चीनमध्ये असतानाच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. ते परतले नाहीत. १९४० मधील लढाईच्या काळात त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाने उभारलेल्या रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तिच्यात आजच्या व्यवस्थेसाठी एक प्रश्नही दडलेला आहे. जागरण, अपुरा आहार, आप्तांच्या मृत्यूचा शोक आणि अविरत काम यांचा भार एकाच व्यक्तीवर पडत असताना त्याला विश्रांती देण्याची जबाबदारी कोणाची? वीर म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याला ‘मी थकलो आहे’ असे म्हणणे अवघड जाते. आधुनिक मनोसामाजिक साहाय्याची सुरुवात ही अडचण ओळखण्यापासून होते.

गडचिरोलीचा अनुभव

महाराष्ट्रात दीर्घकाळ सशस्त्र संघर्ष अनुभवलेला जिल्हा म्हणजे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा नक्षलवादी चळवळीने तेथे शिरकाव केलेला होता. केवळ २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथील तीन मोठ्या हल्ल्यांत ४८ पोलिसांना प्राण गमवावे लागले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळील स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले.

याच जिल्ह्यात आरोग्यसेवेची काही मोलाची कामे उभी राहिली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ स्वयंसेविका गावोगावी आल्या.

अशा भागातील उपकेंद्राच्या परिचारिकेचे किंवा आशा स्वयंसेविकेचे काम शहरातील रुग्णालयाच्या कामाहून वेगळे असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि गंभीर रुग्णाला पुढे पाठविता येत नाही. संघर्षाच्या काळात रात्री दार वाजले, तर बाहेर रुग्ण आहे की बंदूकधारी, याची खात्री नसते. जखमीवर उपचार केले तर एका बाजूचा आणि नाकारले तर दुसऱ्या बाजूचा संशय ओढवतो. वैद्यकीय नीती सांगते की, रुग्ण कोणत्या पक्षाचा आहे हे पाहू नये. या नीतीचे पालन करणाऱ्याला एकटे वाटू नये, ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याला निदान त्या वातावरणातून बाहेर पडता येते. आशा स्वयंसेविका त्याच गावची रहिवासी असल्याने तिला ती सोय नसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. संघर्ष ओसरला तरी त्याचे मानसिक परिणाम त्याच दिवशी संपत नाहीत. धोका असताना मन सावध राहते आणि काम करून नेते. निद्रानाश, चिडचिड किंवा उदासी अनेकदा शांततेच्या काळात जाणवू लागते. त्यामुळे साहाय्याची गरज संघर्षानंतरही काही काळ टिकते.

परिणामकारक साहाय्य कोणते?

संयुक्त राष्ट्रे आणि स्वयंसेवी संस्थांच्या आंतर-संस्था स्थायी समितीने २००७ मध्ये आपत्कालीन परिस्थितीतील मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत साहाय्याचे चार स्तर सांगितले आहेत. पायाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांचे साहाय्य आणि शिखरावर मानसोपचारतज्ज्ञांची सेवा अशी ही रचना आहे. सर्वांनाच तज्ज्ञांची गरज लागत नाही. बहुसंख्य लोक योग्य आधार मिळाल्यास सावरतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. पाहा, ऐका आणि जोडून द्या, ही तिची त्रिसूत्री आहे. आघात झालेल्या व्यक्तीला घटनेचा तपशील सांगण्याचा आग्रह करू नये, यावर तीत भर आहे. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून अनुभव वदवून घेण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. तिने ताणविकार टळत नाही, उलट काहींना अपाय होण्याची शक्यता असते, असे आढळल्याने ती आता सुचविली जात नाही.

आरोग्यसेवकांसाठी उपयुक्त उपाय बहुतांशी साधे आणि प्रशासकीय स्वरूपाचे आहेत :

• दुर्गम ठिकाणी पाठविण्यापूर्वी तेथील धोक्यांची आणि ताणाच्या लक्षणांची स्पष्ट कल्पना देणे.

• पाळ्यांची मर्यादा पाळणे आणि ठराविक काळानंतर सक्तीची रजा देणे.

• शक्यतो जोडीने काम देणे, म्हणजे एकमेकांच्या वागण्यातील बदल वेळीच लक्षात येतो.

• गंभीर घटनेनंतर वरिष्ठांनी स्वतः भेट घेणे आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारपूस करणे.

• समुपदेशन गोपनीय ठेवणे आणि त्याचा सेवापुस्तिकेवर किंवा बढतीवर परिणाम होऊ न देणे.

• वेतन आणि मानधन वेळेवर देणे. आर्थिक विवंचना मानसिक ताण वाढविते.

तज्ज्ञ सेवा उपलब्ध असूनही तिचा लाभ घेतला जात नाही, याचे एक मोठे कारण नोकरीवर परिणाम होण्याची भीती हे असते. म्हणूनच वरील सूचींपैकी गोपनीयतेचा मुद्दा विशेष महत्त्वाचा मानला जातो.

कायद्याचे संरक्षण

जखमींवर उपचार करणाऱ्यांना लक्ष्य करू नये, हे तत्त्व १८६४ च्या पहिल्या जिनेव्हा करारापासून मान्य आहे. १९४९ च्या करारांनी ते अधिक व्यापक केले. भारताने त्यांसाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. तरीही हल्ले थांबलेले नाहीत. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने केलेल्या माऱ्यात ४२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १४ कर्मचारी होते. वाचलेल्यांना आपल्याच सहकाऱ्यांवर उपचार करावे लागले. त्यानंतर, ३ मे २०१६ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने वैद्यकीय सेवेच्या रक्षणासाठी २२८६ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. शासकीय किंवा शासनाच्या साहाय्याने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क आणि उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क या कायद्याने प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. आरोग्यसेवक हेही या हक्काचे धनी आहेत.

उपलब्ध सेवा

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. सैन्यदलातील व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी याच सेवेचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर उघडण्यात आला. सैनिकाच्या ताणाचे स्वरूप वेगळे असते, हे त्यातून मान्य झाले. संघर्षग्रस्त भागातील नागरी आरोग्यसेवकाच्या ताणाचे स्वरूपही वेगळे असते, आणि त्याचीही अशीच दखल घेतली जाणे आवश्यक आहे.

झोप सतत उडणे, कामाचा तिटकारा येणे, लहानसहान गोष्टींवर संताप होणे, मद्याचा आधार घ्यावासा वाटणे किंवा जगण्यात अर्थ न वाटणे ही लक्षणे काही आठवड्यांहून अधिक काळ राहिल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी किंवा वरील क्रमांकावर संपर्क साधावा. जीव नकोसा वाटत असेल तर आठवडे न मोजता त्वरित मदत घ्यावी. झाशीच्या वेढ्यात शुश्रूषा करणाऱ्यांना आपल्या मनाची व्यथा सांगण्यासाठी शब्द नव्हता आणि ऐकणाराही नव्हता. आज दोन्ही उपलब्ध आहेत. ते गावच्या शेवटच्या उपकेंद्रापर्यंत पोहोचविणे, हे उरलेले काम आहे.