आधी फी, मग शिष्यवृत्ती

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा कधी असणार, हे कापूस ठरवतो. मृग लागला की बियाणं, खत, निंदणाची मजुरी असा खर्च सुरू होतो. पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास होते आणि माल अकोल्याच्या किंवा अकोटच्या बाजारात जाऊन चुकारा हातात पडेपर्यंत दिवाळी येते. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत घरातून पैसा फक्त बाहेर जातो. इंजिनिअरिंगचे प्रवेश नेमके याच महिन्यांत होतात, आणि शिष्यवृत्ती या महिन्यांत सहसा येत नाही.

मी अकोला जिल्ह्यातला. २०१५ साली अमरावतीला इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आम्ही पोरं ‘जीओआय’ म्हणायचो, बाकीच्यांची ‘ईबीसी’. नाव काहीही असलं तरी कॉलेजच्या ऑफिसात एक हमीपत्र लिहून द्यावं लागे : शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही तर पूर्ण फी मी भरीन. पहिल्या वर्षाचे पैसे आले तेव्हा आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. तेव्हा हे पाऊसपाण्यासारखं वाटायचं, आपल्या हातात नसलेलं. पुढे नोकरीत दुसऱ्यांच्या सिस्टिम्स दुरुस्त करताना सवय लागली की एखादा क्रम उलटा दिसला तर तो कुणी आणि कधी तसा लावला, हे आधी शोधायचं. हा लेख त्या सवयीतून आलेला आहे.

सुरुवात बाबासाहेब आंबेडकरांपासून करावी लागते, दोन कारणांनी. एक म्हणजे ते स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा सरकारशी करार केला : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. त्यानंतर ते जुलैत न्यूयॉर्कला पोचले. म्हणजे किती पैसे, किती काळ आणि कोणत्या अटीवर, हे सगळं बोटीत बसण्याआधी कागदावर होतं. त्यांना मुदतीनं गाठलं ते शेवटी. १९१६ साली ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि १९१७ साली शिष्यवृत्ती संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. मात्र विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेली उसनवारी यांच्या जोरावर ते १९२० साली पुन्हा गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. पैसा कमी पडला तेव्हा मुदत थांबली, म्हणून ती पदवी मिळाली.

दुसरं कारण म्हणजे पुढची सरकारी शिष्यवृत्तीही त्यांच्याच प्रयत्नातून उभी राहिली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन दिलं. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी मदतीची मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आजची जीओआय ती हीच.

याच काळात आमच्याकडे पंजाबराव देशमुख उभे राहिले. जन्म २७ डिसेंबर १८९८, अमरावती जिल्ह्यातलं पापळ. त्यांना विलायतेला पाठवायला वडिलांनी जमीन गहाण टाकली, ही गोष्ट वऱ्हाडात अजूनही सांगितली जाते. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. शिक्षणाची फी हा खर्चाचा एक भाग. राहणं आणि जेवण हा दुसरा, आणि तो पहिल्या दिवसापासून लागतो. पंजाबरावांनी मुलाच्या हातात पैसे देण्याआधी त्याला खोली आणि ताट दिलं. आज त्यांच्याच नावानं राज्य सरकारची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मोठ्या शहरांत वर्षाला ३० हजार आणि इतरत्र २० हजार रुपये असा दर होता. अर्ज मात्र प्रवेश झाल्यावरच करता येतो. खोलीचं डिपॉझिट त्याआधी द्यावं लागतं.

१९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आला. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं निर्णय घेतला की ज्या पालकांचं वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा कमी आहे, त्यांच्या मुलांना फी माफ. हीच ती ईबीसी सवलत. माफीमध्ये विद्यार्थ्याच्या हातात पैसा येत नाही आणि त्याच्या हातून जातही नाही. हिशेब सरकार आणि कॉलेज यांच्यात. कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल, तर मास्तरांचे पगार सरकारच देतं. फीचे पैसे सहा महिने उशिरा आले म्हणून तिथलं काही अडत नाही. अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४ सालचं. तिथे शिकलेल्या जुन्या माणसांशी बोललो, तर शिष्यवृत्ती उशिरा यायची हे ते सांगतात, पण त्यामुळे प्रवेश अडला असं सांगत नाहीत.

उशीर आधीपासून होता, फक्त तो सरकार सोसत होतं. १९८३ नंतर तो दुसऱ्यांच्या खांद्यावर गेला.

वसंतदादा पाटलांच्या सरकारनं त्या वर्षी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. वऱ्हाडात बडनेरा, अकोला आणि शेगाव इथली कॉलेजं त्याच वर्षीची. त्यामुळे आमच्या भागातल्या हजारो मुलांना नागपूर-पुण्याला न जाता इंजिनिअर होता आलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण या कॉलेजांचं पोट फीवर चालतं. फीचे पैसे सरकारकडून यायचे असतील आणि ते वर्षभर आले नाहीत, तर प्राध्यापकांचे पगार थकतात. मग कॉलेज तो धोका स्वतःकडे ठेवत नाही, मुलाकडे ढकलतं. हमीपत्र, आगाऊ चेक, ‘आत्ता निम्मी भर, आली की परत करू’ या सगळ्या युक्त्या तिथून आल्या. १९९३ साली उन्नीकृष्णन निकालानं ‘फ्री’ आणि ‘पेमेंट’ अशा जागा केल्या, २००२ साली टी.एम.ए. पै निकालानं ती रचना मोडली, आणि २०१५ साली राज्यानं प्रवेश व शुल्क नियमनाचा कायदा केला. प्रवेशाच्या तारखा आणि फीचे आकडे यांचे नियम पक्के होत गेले. शिष्यवृत्ती कोणत्या तारखेला मिळेल, याचा नियम प्रवेशाच्या वेळापत्रकात कुणी घातला नाही.

त्यात केंद्र आणि राज्य यांच्यातली ओढाताण होती. जीओआयमध्ये ‘बांधील दायित्व’ नावाची पद्धत होती. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी राज्याची जेवढी मागणी असेल, तेवढी रक्कम पुढच्या काळात राज्यानं सोसायची, आणि त्यावरची वाढ फक्त केंद्रानं द्यायची. बारावी योजना २०१७ साली संपली आणि राज्यांवरचं ओझं एकदम वाढलं. २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांत केंद्राचा वाटा सरासरी ११०० कोटींच्या आसपास होता. अखेर २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ६०:४० असं प्रमाण ठरवलं आणि पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यानं तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. मुलासाठी सात दिवसांची मुदत आहे. पैसे पाठवणाऱ्यासाठी अशी मुदत नाही.

राज्यात २०१७ साली महाडीबीटी पोर्टल आलं. कल्पना चांगली होती : दलाल नको, बोगस कॉलेजं नकोत, पैसे थेट खात्यात. पहिल्या वर्षी तांत्रिक अडचणी इतक्या आल्या की जुन्या पद्धतीनं अर्ज घ्यायची वेळ आली. ती पहिल्या वर्षाची रड म्हणून सोडून देऊ. माझा मुद्दा रचनेचा आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कॉलेज, शाखा आणि प्रवेशाचा तपशील भरावा लागतो, म्हणजे प्रवेश आधी हवा. प्रवेश पक्का करायला पैसे हवेत. पैशासाठी शिष्यवृत्ती हवी. आमच्या धंद्यात याला ‘डेडलॉक’ म्हणतात : दोघेही एकमेकांची वाट बघत उभे. प्रोग्रामरनं असा कोड लिहिला तर त्याला तो परत लिहायला लावतात.

या डेडलॉकमध्ये कोण अडकतं, ते मला दर पावसाळ्यात फोनवर ऐकू येतं. ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली पोरं विचारतात, “दादा, फ्रीझ करू का नाही? बाबा म्हन्तेत पैसे दिवाळीले येतीन.” कॅप राउंडमध्ये जागा मिळाली की ती ‘फ्रीझ’ करायची किंवा पुढच्या राउंडची वाट बघायची, आणि पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते. मग ठरलेल्या दिवसांत कॉलेजला हजर व्हायचं. हातात उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर. पण ‘तुला इतकी मदत मिळेल’ असं सांगणारा एकही कागद त्यात नसतो. गेल्या वर्षीच्या एका मुलाला पुण्यात हवी ती शाखा मिळत होती. त्यानं अकोल्यात राहून दुसरी घेतली. घरून डबा येतो, एवढं एकच गणित त्याला खात्रीनं मांडता आलं. हुशार मुलं अशा वेळी वाईट निर्णय घेतात असं म्हणणं सोपं आहे. खरं तर ती उपलब्ध माहितीवर बरोबर निर्णय घेतात. माहितीच अपुरी असते.

हे वेगळ्या तऱ्हेनं करता येतं, याचा पुरावा त्याच कॅपमध्ये आहे. ‘टीएफडब्ल्यूएस’ नावाच्या पाच टक्के जादा जागा असतात. त्यात ट्यूशन फी माफ असते, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. ती जागा मिळाली की माफीही मिळाली, त्याच क्षणी, त्याच कागदावर. म्हणून चांगल्या कॉलेजातल्या या जागांचा कटऑफ खुल्या जागांच्याही वर जातो. पोरं आकड्यांत सांगत असतात की त्यांना खात्रीची किंमत किती वाटते.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत बहुतेक कॉलेजं १ मेपर्यंत विद्यार्थ्याकडून होकार मागतात. तिथला सरकारी मदतीचा अर्ज एरवी ऑक्टोबरमध्ये खुला होतो. नवा अर्ज २०२३ च्या डिसेंबरअखेर निघाला आणि त्यातली माहिती कॉलेजांना मार्चपासून पुढे मिळू लागली. मदत किती ते न कळताच होकार द्यायची वेळ आली, तेव्हा अनेक कॉलेजांनी आपली १ मेची तारीख पुढे नेली. आपल्याकडे त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली होती. १७,५०० रुपये गोळा होईस्तोवर २४ जूनचे संध्याकाळचे पाच वाजले आणि पोर्टल बंद झालं. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम १४२ वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. तिथे कॉलेजांनी हजारोंसाठी तारीख हलवली, इथे एका मुलासाठी ती हलवायला देशाच्या सरन्यायाधीशांना बसावं लागलं.

क्रम सरळ करायला नवा कायदा लागणार नाही. उत्पन्न आणि जात यांचे दाखले जागावाटपाच्या आधीच तपासलेले असतात. त्याच तपासणीवर, जागा देतानाच, ‘या जागेवर तुला अमुक योजनेत अमुक रुपये मिळतील’ असं छापून देता येईल. पैसे यायला उशीर झाला, तर तो कॉलेज आणि सरकार यांनी आपसात मिटवायचा, जसा १९५९ नंतर मिटत होता. विद्यार्थ्याला उशिराचा पैसा एक वेळ चालतो. उधारउसनवारीवर वर्ष काढायची सवय वऱ्हाडातल्या घरांना आहेच. पण पेरणीच्या दिवसांत, तीन-चार दिवसांच्या मुदतीत, पैसे येणार की नाही हेच माहीत नसताना सही करायची, हे त्याच्याकडून मागू नये. बडोद्याच्या संस्थानिकाला ते १९१३ साली जमलं होतं.