चाकणचा कोणता किल्ला दाखवायचा?

१/ चाकण म्हटले की आज मोटारींचे कारखाने आणि कंटेनरच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. त्याच गावात संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. उरले आहेत ते बुरूज, तटाचे तुकडे आणि खंदकाच्या खुणा. हा किल्ला संगणकावर पुन्हा बांधून दृष्टिभ्रमाच्या पडद्यावर उभा करायचा ठरला, तर?

२/ युक्ती जुनी आहे. रोमच्या संत इग्नेशियस चर्चला घुमट नाही. १६८५ मध्ये आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट चित्रकाराने तो सपाट कापडावर रंगवला. जमिनीवरच्या खुणेवर उभे राहिले की घुमट खरा वाटतो. चार पावले सरकले की तो कलंडतो.

३/ टोकियोच्या शिंजुकू भागात २०२१ साली वळणदार एलईडी पडद्यावर अवतरलेले अवाढव्य मांजर याच गणिताचे. पाहणाऱ्याच्या डोळ्याची जागा आधी ठरवायची आणि तिथून दिसणारे दृश्य पडद्याच्या वळणानुसार ताणायचे.

४/ डोळ्याची जागा ठरली. काळाची कोण ठरवणार?

५/ जून १६६०. शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात, आणि इकडे शाइस्ताखानाचा चाकणला वेढा. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा पन्नासहून अधिक दिवस झुंजला. १४ ऑगस्टला दुपारी ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग उडाला. मोगल खिंडाराकडे धावले, तर आत मराठ्यांनी मातीचा बांध घालून ठेवलेला! त्या रात्री किल्ला पडला नाही.

६/ यदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रात ही हकीकत आहे. केवळ उरलेल्या दगडांवरून प्रतिकृती रचणारा हा बांध कधीच काढणार नाही. उलट अखंड तट आणि त्याचा माथा तो इतर किल्ल्यांवरून अंदाजाने भरेल. म्हणजे देखणा, सलग किल्ला हा बराचसा तर्क. फुटलेला किल्ला मात्र लेखी पुराव्याचा.

७/ जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा, असे १९६४ ची व्हेनिस सनद सांगते. पुरावा कोणता आणि अनुमान कोणते हे प्रेक्षकाला कळावे, हा २००९ च्या लंडन सनदेचा आग्रह. दृष्टिभ्रमाच्या पडद्याला नेमके हेच जड जाते. सगळेच सारखे भरीव दिसले तरच भ्रम टिकतो.

८/ मग तो थोडा विरला तरी चालेल. तटाचा माथा नुसत्या रेषांनी दाखवावा, मातीचा बांध भरीव. आणि प्रेक्षकाच्या पायाखालची खूण ईशान्य कोपऱ्यासमोर, खिंडाराच्या आतल्या बाजूस असावी.