भारत व श्रीलंका यांच्या कागद आणि पुठ्ठा आयातमूल्याची तुलना

कागद व पुठ्ठा यांचे आयातमूल्य म्हणजे एखाद्या देशाने ठरावीक काळात परदेशांतून आणलेल्या या मालाची, सामान्यतः अमेरिकी डॉलरांत मोजलेली किंमत होय. १९८८ पासून लागू असलेल्या हार्मोनाइज्ड सिस्टीम या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या मालासाठी ४८ वे प्रकरण असून वृत्तपत्री कागद ४८०१ या क्रमांकाखाली येतो. भारत व श्रीलंका यांच्या आकड्यांत मोठे अंतर आहे. मात्र आयातमूल्यातील घट दोन्हीकडे सारखी दिसली, तरी तिचा अर्थ सारखा नसतो.

मूल्य आणि परिमाण

आयातमूल्य वाढले म्हणजे कागद अधिक आला, असे नव्हे. उदाहरणादाखल, टनाला ५०० डॉलर दराने ३ टन कागद आणल्यास मूल्य १,५०० डॉलर होते. दर ९०० डॉलर झाल्यावर केवळ २ टन आणला तरी ते १,८०० डॉलर भरते. २०२१-२२ मध्ये कागदाचे भाव आणि जहाजभाडे दोन्ही वाढल्याने त्या काळातील आकडे वाचताना हा भेद विसरता येत नाही.

भारत

भारतात बल्लारपूरसारख्या ठिकाणी मोठ्या गिरण्या असल्याने लिहिण्या-छापण्याचा कागद बव्हंशी देशातच तयार होतो. वृत्तपत्री कागदाची गोष्ट निराळी. मध्य प्रदेशातील नेपानगरची गिरणी १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली, तरी गरज आयातीवरच भागत राहिली. परकीय चलन तुटपुंजे असल्याने १९६२ च्या आदेशान्वये या कागदाचे वाटप सरकारी नियंत्रणाखाली आले. पुढे १९७२-७३ च्या धोरणाने वृत्तपत्रांवर घातलेली दहा पानांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने बेनेट कोलमन खटल्यात रद्द ठरवली. चलनटंचाईचा प्रश्न अशा रीतीने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न बनला. म्हणूनच त्या काळातील कमी आयातमूल्य हे कमी मागणीचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल.

उदारीकरणानंतर चित्र पालटले. आसियान देशांशी झालेला मालव्यापार करार २०१० मध्ये अमलात आल्यावर तेथील कागदावरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरले, आणि स्वस्त आयातीविषयी देशी गिरण्यांची तक्रार सुरू झाली. वृत्तपत्री कागदावर २०१९ च्या अर्थसंकल्पात १० टक्के शुल्क बसले. वृत्तपत्रांच्या विरोधानंतर २०२० मध्ये ते ५ टक्के करण्यात आले. १ ऑक्टोबर २०२२ पासून कागदाच्या अनेक प्रकारांच्या आयातीसाठी पूर्वनोंदणी सक्तीची झाली.

श्रीलंका

वालैच्चेनै आणि एंबिलिपिटिया येथील सरकारी गिरण्या दीर्घकाळ बंद राहिल्याने श्रीलंकेला छपाईच्या कागदासाठी परदेशांकडेच पाहावे लागते. चहा व तयार कपड्यांच्या निर्यातीलाही खोकी, वेष्टने लागतात. म्हणजे आयात पुठ्ठ्याचा काही भाग निर्यातमालाबरोबर पुन्हा देशाबाहेर जातो.

२०२२ च्या आर्थिक संकटात या अवलंबित्वाची किंमत उघड झाली. डॉलरचा भाव मार्चच्या आरंभी सुमारे २०० श्रीलंकी रुपये होता, तो मे महिन्यात ३५० च्या पुढे गेला. मार्चमध्ये पश्चिम प्रांतातील शाळांच्या सत्र परीक्षा कागद व शाई नसल्याने पुढे ढकलाव्या लागल्या. ‘द आयलंड’ व ‘दिवयिन’ या दैनिकांनी शनिवारचे छापील अंक थांबवले. भारताने दिलेल्या कर्जसुविधेचा उपयोग पुढे पाठ्यपुस्तकांच्या छपाईसाठीही झाला. येथे गरज तशीच होती, देण्यास चलन नव्हते.

तुलनेतील अडचणी

भारताची आकडेवारी प्रायः एप्रिल-मार्च या आर्थिक वर्षाची, तर श्रीलंकेची कॅलेंडर वर्षाची असते. दरडोई मूल्य काढल्याखेरीज सुमारे १४० कोटी आणि २.२ कोटी लोकसंख्यांची तुलना निरर्थक ठरते. शिवाय लगदा व रद्दी ४७ व्या, तर छापील पुस्तके ४९ व्या प्रकरणात मोडतात. भारतीय गिरण्या मोठ्या प्रमाणात परदेशी रद्दीवर चालतात. ते अवलंबित्व ४८ व्या प्रकरणाच्या आकड्यांत दिसतच नाही.