लिबुशे: दंतकथेतून पाळण्यात

चेक बायकांच्या नावांत ‘लिबुशे’ इतकं मुरलेलं आहे, की आजीचं नाव नातीला ठेवता ठेवता ते हजार वर्षं चालत आलं असावं असं वाटतं. तसं ते नाही. ख्रिस्ती मुलखात बाप्तिस्म्याला शतकानुशतकं प्रामुख्यानं संतांची नावं चालत आणि लिबुशे संत नव्हे. ती दंतकथेतली राजकन्या, तीही ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या काळातली.

नावाचं मूळ आवडण्याचा अर्थ असलेल्या स्लाव्ह धातूत आहे. संस्कृत ‘लुभ्’ आणि म्हणून आपलं ‘लोभस’ त्याच कुळातलं.

दहाव्या शतकाच्या अखेरचं मानल्या जाणाऱ्या क्रिस्तियानच्या लॅटिन आख्यानात प्राग वसवण्याच्या कथेत एक भविष्यवेत्ती येते, पण बिनानावाची. तिला नाव मिळतं बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, प्रागच्या कॅथेड्रलमधला पाद्री कोस्मास याच्या बखरीत. तिथं क्रोकच्या तीन मुलींपैकी लिबुशे धाकटी आणि न्यायनिवाडा करणारी. जमिनीच्या भांडणात हरलेला गडी बायकांच्या अकलेचा उद्धार करतो आणि आम्हाला पुरुष राज्यकर्ता हवा म्हणून ओरडतो. ती म्हणते, घ्या. तिच्या सांगण्यावरून निघालेले दूत नांगर धरलेल्या प्शेमिस्लला घेऊन येतात, तिचं त्याच्याशी लग्न होतं आणि बायकांवर पुरुषांची सत्ता येते. चेक राजघराणं याच नांगऱ्याला मूळपुरुष मानायचं. पाद्रीबुवांना ही गोष्ट सांगताना फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही.

बखरीतून हे नाव पाळण्यापर्यंत आलं ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. हाब्सबुर्ग राजवटीत चेक भाषा मागे पडली होती आणि तिच्या अभिमान्यांना पूर्वज हवे होते. १८१८मध्ये प्रागच्या नव्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी निनावी टपालानं एक ‘प्राचीन’ हस्तलिखित आलं. त्यात लिबुशेचा न्यायनिवाडा चेक पद्यात होता, म्हणजे कोस्मासच्याही आधीचा पुरावाच जणू! १८८६मध्ये भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउर यांनी तोमाश मासारिक यांच्या नियतकालिकात या हस्तलिखिताचा बनावटपणा मांडायला घेतला. देशद्रोही म्हणून शिव्या मासारिकांनाही खाव्या लागल्या. पुढं तेच देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

पण तोवर नाव घरोघर पोचायला लागलं होतं. बेड्रिक स्मेटानानं ‘लिबुशे’ हा ऑपेरा १८७२मध्येच पूर्ण करून खास प्रसंगासाठी राखून ठेवला होता. ११ जून १८८१ला प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह त्यानंच उघडलं. ऑगस्टमध्ये ते जळालं, लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभारलं आणि १८८३मध्ये पडदा पुन्हा ‘लिबुशे’वरच वर गेला. गंमत अशी, की या राष्ट्रीय ऑपेराची संहिता आधी जर्मनमध्ये लिहिली गेली होती, चेक शब्द मागून आले. त्यातले भांडखोर भाऊ ख्रुदोश आणि श्ट्याहलाव त्याच बनावट हस्तलिखितातून उचललेले. खोटा कागद पकडला गेला, पण त्यानं वाढवलेलं नाव कुणी परत घेतलं नाही आणि ते योग्यच झालं.

विसाव्या शतकात हे नाव सर्रास झालं. १९७३च्या ‘सिंड्रेलासाठी तीन हेझलनट’ या चित्रपटातली नायिका लिबुशे शाफ्रान्कोवा आजही चेक घरांत नाताळात टीव्हीवर दिसते. हल्ली मात्र मुलींना हे नाव क्वचितच ठेवतात. घरात लाडानं ‘लीबा’, ‘लिबुश्का’ म्हणतात आणि चेक कॅलेंडरात लिबुशेचा नामदिन १० जुलैला असतो.