निमो आणि डोरी एकाच टँकमध्ये राहू शकतात का? समुद्री मासे एकत्र पाळण्याआधी हे समजून घ्या

२००३ साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि केशरी-पांढरा क्लाउनफिश आणि निळीशार ब्लू टँग ही जोडी घराघरात पोहोचली. समुद्री मासे घ्यायला पहिल्यांदाच गेलेल्या अनेकांना आजही हीच जोडी हवी असते.

हे दोघे एकमेकांशी सहसा भांडत नाहीत. तरीही घरातल्या बहुतेक टँकसाठी ही जोडी चुकीची ठरते. दुकानात दोन-तीन इंचांची दिसणारी ब्लू टँग पूर्ण वाढल्यावर ३० सेंटीमीटरपर्यंत जाते आणि तिला दिवसभर पोहायला लांबच लांब जागा लागते. क्लाउनफिश साधारण १० सेंटीमीटरच्या आतच राहतो. म्हणजे मासे 'जुळणं' हा फक्त स्वभावाचा प्रश्न नाही.

रीफ टँकमध्ये चूक महागात का पडते?

रीफ टँक म्हणजे खडक, प्रवाळ, कोळंबी, शंख आणि मासे एकत्र असलेला खाऱ्या पाण्याचा टँक. प्रवाळ बेटांवरचे बरेचसे मासे आपली हद्द ठरवून राहतात. समुद्रात एखाद्याने हाकललं, तर दुसरा मासा दूर निघून जातो. काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? सतत पाठलाग होणारा मासा खाणं सोडतो, आजारी पडतो आणि अनेकदा मरतो.

बरं, भांडखोर मासा बाहेर काढावा म्हटलं, तर तो खडकांच्या कपारीत शिरतो. त्याला पकडायचं तर सगळी रचना उपसावी लागते. त्यामुळे निर्णय घ्यायचा तो दुकानातच, मासा पिशवीत भरण्याआधी.

मासा घेण्याआधी कोणते पाच प्रश्न विचारायचे?

१. त्याचं तोंड केवढं आहे? तोंडात मावेल तो मासा खाद्य, हा समुद्रातला साधा नियम. लायनफिश शांतपणे तरंगताना दिसतो, पण छोटे मासे अख्खे गिळतो. त्याचे काटेही विषारी असतात.

२. मोठा झाल्यावर तो कसा वागेल? काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो डॅमसेल स्वस्त आणि काटक असतो, म्हणून नवख्यांना तो हमखास सुचवला जातो. पण पिल्लू असताना गोंडस दिसणारा हा मासा वाढून १२-१३ सेंटीमीटरचा झाला की टँकचा दादा होतो.

३. त्याच्यासारखा दुसरा टँकमध्ये आहे का? सर्वांत जोरदार भांडण बहुतेक वेळा सारख्या आकाराच्या, सारखं खाणाऱ्या माशांत होतं. क्लाउनफिशची एकच जोडी ठेवावी, दोन वेगवेगळ्या जाती एकत्र करू नयेत. जोडी घेताना एक मोठा आणि एक छोटा घ्यावा. हे मासे जन्मतः नर असतात. दोघांतला वरचढ मासा पुढे मादी होतो, त्यामुळे आकारातला फरक असेल तर जोडी लवकर जुळते.

४. तो प्रवाळ किंवा कोळंबी खातो का? बरेच बटरफ्लायफिश आणि मोठे एंजलफिश प्रवाळ कुरतडतात. ट्रिगरफिश आणि पफर कोळंबी, खेकडे फोडून खातात.

५. तो नेमकं काय खातो? रंगीबेरंगी मँडरिन मासा कोणाशी फारसं भांडत नाही, पण तो खडकांवरचे सूक्ष्म जिवंत जीव टिपून जगतो. नव्या टँकमध्ये हे जीव पुरेसे नसतात आणि तो हळूहळू उपाशी मरतो.

मग सुरुवात कोणत्या माशांपासून करायची?

समजा, २०० लिटरचा टँक आहे. त्यात पाच-सहा छोटे मासे पुरेसे होतात. उदाहरणार्थ:

- एक फायरफिश गोबी. हा लाजाळू असतो आणि घाबरला की उडी मारतो, म्हणून टँकवर जाळीचं झाकण हवंच.
- एक वॉचमन गोबी आणि त्याची जोडीदार पिस्टल कोळंबी. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती बीळ खोदते. मासा दारात पहारा देतो आणि धोका दिसला की दोघं आत शिरतात.
- एक बांगाई कार्डिनल. इंडोनेशियातला हा मासा निसर्गात धोक्यात आहे, त्यामुळे हॅचरीत वाढवलेलाच घ्यावा.
- क्लाउनफिशची एक जोडी.

क्रमही महत्त्वाचा. लाजाळू मासे आधी, हद्द राखणारे शेवटी. इथे गोबी पहिल्यांदा आणि क्लाउनफिश सगळ्यात शेवटी सोडावेत. उलट केलं, तर आधी आलेला मासा सगळा टँक आपलाच समजतो.

पण पहिला मासा आणण्याआधी टँकमध्ये उपयुक्त जिवाणू तयार व्हावे लागतात. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया हेच जिवाणू संपवतात. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

नवा मासा चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवणंही गरजेचं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण त्याच औषधाने प्रवाळ आणि कोळंबी मरतात. म्हणजे रोग मुख्य टँकमध्ये शिरला, तर तिथे हे औषध वापरताच येत नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, पण ते उचलून आणायचे नाहीत. २००१ मध्ये खडक तयार करणाऱ्या प्रवाळांचा आणि समुद्रघोड्यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं किंवा बाळगणं हा गुन्हा आहे. म्हणून कृत्रिम खडक आणि कृत्रिम प्रवाळ हा सोपा आणि सुरक्षित मार्ग. क्लाउनफिशला जगण्यासाठी टँकमध्ये समुद्रफूल लागतंच असं नाही. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचं तंत्रही विकसित केलं आहे, त्यामुळे हॅचरीतला मासा मागता येतो.

नको झालेला मासा समुद्रात सोडला तर?

अजिबात सोडू नका. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश १९८० च्या दशकात अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर दिसू लागला. तो तिथे पाळीव टँकमधून पोहोचला असावा, असं मानलं जातं. आज कॅरिबियन समुद्रभर पसरून तो तिथले छोटे मासे फस्त करतोय. मासा सांभाळणं जमत नसेल, तर तो दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवा.

क्लाउनफिश नीट सांभाळला तर २० वर्षांहून जास्त जगू शकतो. दुकानात जाण्याआधी यादी तयार ठेवा आणि यादीत नसलेला मासा कितीही आवडला तरी त्या दिवशी घेऊ नका. घरी या, त्याच्याबद्दल वाचा, वरचे पाच प्रश्न विचारा आणि मगच ठरवा.