जेथून समुद्र मागे हटला

सिंगापुरातील तेलोक आयेर रस्त्यावर उंच कचेऱ्यांच्या सावलीत एक जुने चिनी मंदिर उभे आहे. ‘थियान हॉक केंग’, म्हणजे स्वर्गीय सौख्याचा प्रासाद, हे त्याचे नाव. प्रवाशाची दृष्टी प्रथम जाते ती छपराकडे. पाकोळीच्या शेपटीप्रमाणे दुभंगून वर उचललेली टोके, आढ्यावर चिनी मातीच्या रंगीत कपच्यांनी मढविलेले ड्रॅगन, खाली दारापाशी दगडी सिंह आणि आत तुळयांवर सोनेरी कोरीव काम! श्रीमंत व्यापाऱ्यांनी मांडलेले हे वैभवाचे प्रदर्शन असावे, असा कोणाचाही ग्रह व्हावा. परंतु या मंदिराचा इतिहास निराळा आहे.

१८१९ साली इंग्रजांनी सिंगापुरात ठाणे वसविले आणि दक्षिण चीनच्या फूच्येन प्रांतातून माणसे शिडाच्या जहाजांनी येथे येऊ लागली. वाट वादळांची होती. जिवंत किनाऱ्यास लागलेला मनुष्य प्रथम उदबत्ती लावी ती माझू देवीपुढे. परंपरा सांगते की, इ. स. ९६० मध्ये मेइचौ बेटावर जन्मलेली ही एक साधी मुलगी. पुढे ती दर्यावर्दी लोकांची रक्षणकर्ती झाली. तिच्या सेवकांपैकी एकाची दृष्टी हजार कोसांपलीकडे पोहोचते, तर दुसऱ्याचे कान वाऱ्यावरची हाक टिपतात. बुडणाऱ्याला याहून मोठा दिलासा कोणता असणार?

किनाऱ्यावरील साध्या देवघराच्या जागी १८३९ ते १८४२ या काळात आजचे मंदिर उभे राहिले. लाकूड व दगडी खांब चीनमधून आले. सांधे असे बेतले की खिळ्यांची गरज भासू नये. देवीची मूर्ती १८४० साली समुद्रमार्गे आली. खर्चाचा मोठा भार उचलणारे तान तोक सेंग हे तरुणपणी भाजीपाला, फळे व कोंबड्या विकीत असत. १८४४ साली गोरगरिबांच्या रुग्णालयासाठीही त्यांनीच धन दिले. १९०७ साली चीनचे सम्राट ग्वांगश्यू यांचा फलक येथे आला. दक्षिण सागराच्या लाटा शांत असोत, असा त्याचा आशय.

मंदिराचे काम पूजेपुरते नव्हते. फूच्येनच्या होक्कियेन-भाषक लोकांची संस्था येथूनच आपला कारभार पाहत असे आणि १९१५ साली मंदिरालगत मुलींची शाळा निघाली. परक्या भूमीवर ज्याला नातलग नाही, त्याला हे आवार आधार देई.

मागील दालनात करुणेची देवता क्वान यिन आहे. ही देवता म्हणजे मूळचा भारतातील बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्ये तिला स्त्रीरूप लाभले. औरंगाबाद लेणीसमूहातील ७ व्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती आठ संकटे कोरलेली आहेत आणि त्यांत संकटात सापडलेली नौकाही आहे. ज्या भयापोटी आपल्याकडील शिल्पकाराने छिन्नी चालविली, त्याच भयापोटी होक्कियेन खलाशी येथे हात जोडीत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भराव घालण्यास प्रारंभ झाला आणि मंदिरापुढील समुद्र दूर गेला. ‘तेलोक’ म्हणजे उपसागर व ‘आयेर’ म्हणजे पाणी. आता ते पाणी रस्त्याच्या नावातच उरले आहे. १९७३ साली मंदिर राष्ट्रीय स्मारक ठरले. १९९८ ते २००० या काळात त्याचा जीर्णोद्धारही झाला. येथे येणाऱ्या प्रवाशाने छपराचे छायाचित्र अवश्य घ्यावे. मात्र त्यानंतर देवीकडे पाठ न करता, तिच्या बाजूला उभे राहून, दारातून समोर पाहावे. ज्यांनी हे सोने आणि हे रंग अर्पण केले, त्यांना त्या दारातून लाटा दिसत होत्या.