पिठाचा कोंबडा

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांस खावे की खाऊ नये याची लांबलचक चर्चा आहे, आणि तिच्या मध्येच एक चमत्कारिक सवलत दिलेली आहे. मांसाची आसक्ती अनावर झाली तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करावा; पण यज्ञाचे निमित्त नसता खरा पशू मारण्याची इच्छा कधी धरू नये, असा त्या श्लोकाचा आशय. टीकाकार कुल्लूकभट्टाने तर शंकेला जागाच ठेवलेली नाही. पशूची पिठाची प्रतिकृती करून ती खावी, असे तो सरळ सांगून टाकतो.

सोयाबीनच्या वड्यांचा खिमा खाणाऱ्या शाकाहारी माणसाला आज हसत हसत विचारतात, ‘सोडलेत ना मांस, मग त्याची नक्कल कशाला?’ हा प्रश्न किती जुना आहे, हे या श्लोकावरून ध्यानात यावे. विचारणाऱ्याचा एक समज असतो. ज्याने मांस सोडले त्याला ते आवडत नसावे, आणि आवडत असेल तर त्याचे सोडणे खोटे. इतिहास पाहू गेल्यास हा समज टिकत नाही. पुष्कळांनी मांस सोडले ते चवीला विटून नव्हे, मारण्याला विटून. शिवाय मांसाची नक्कल आरंभी ज्या ताटांत वाढली गेली, ती ताटे बहुधा सोडणाऱ्याची नव्हतीच. ती देवांची होती, पितरांची होती, पाहुण्यांची होती. आज आपल्यापुढे हेच थोड्या विस्ताराने मांडायचे आहे.

प्रथम या नकलेवरचा सर्वांत कडक आक्षेप पाहू, कारण तो मांसाहाऱ्यांचा नाही, जैनांचा आहे. सोमदेवसूरीने शके ८८१, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या कारकीर्दीत ‘यशस्तिलकचंपू’ पुरा केला. त्याच शतकात मान्यखेट येथे पुष्पदंताने तीच कथा अपभ्रंश भाषेत ‘जसहरचरिउ’ या नावाने सांगितली. दोन्ही ग्रंथांचा महाराष्ट्राशी अलीकडचाही संबंध आहे. पुष्पदंताचा ग्रंथ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादून १९३१ साली वऱ्हाडातील कारंजा येथून प्रसिद्ध केला, आणि सोमदेवावरील कृष्णकांत हंदिकी यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली सोलापूरहून निघाला.

कथा अशी. उज्जयिनीचा राजा यशोधर याला आपली राणी एका विद्रूप माहुताच्या नादी लागलेली दिसते. विरक्त होऊन राज्य सोडावे म्हणून तो आईला दुःस्वप्नाचे निमित्त सांगतो. आई चंद्रमती घाबरते आणि शांतीसाठी देवीला पशुबळी द्यावा असा हट्ट धरते. यशोधर हिंसेला तयार नाही. आईही ऐकत नाही. अखेर तडजोड निघते: पिठाचा कोंबडा करावा आणि तो बळी द्यावा. राजा देवीपुढे त्या कोंबड्याची मान उडवतो, आणि ते पीठ मांस समजून पाकशाळेत जाते. लौकरच राणी आई-मुलांना विष घालते, आणि त्या एका पिठाच्या कोंबड्यापायी दोघे मोर, कुत्रा, मासा, बकरा, रेडा अशा योनींतून, शेवटी खऱ्या कोंबड्यांच्या जन्मातून, पुनःपुन्हा मारले जात भटकतात.

एवढ्याशा पिठासाठी एवढी शिक्षा का? जैन आचार्यांचे म्हणणे असे की, सुरी चालली ती पिठावर, पण मनात कोंबडाच होता. हिंसा संकल्पात घडली. तर्काच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड आहे, असे मला वाटते. नक्कल खाणाऱ्याला आजवर जे जे टोमणे मारले गेले, त्या सर्वांपेक्षा हा खोल जातो. परंतु या कथेतील एक बारकावा पाहण्यासारखा आहे. पिठाचा कोंबडा यशोधराला नको होता. त्याला काहीच कापायचे नव्हते. कोंबडा हवा होता आईला, आणि आईच्या देवीला. कवीने पापाचा हिशेब मांडला. पण मुलगा हिंसा सोडू पाहतो तेव्हा घर मधे कसे उभे राहते, हेही त्याने नकळत लिहून ठेवले.

तेराव्या शतकात मध्वाचार्यांच्या संप्रदायाने नेमका उलटा मार्ग धरला. यज्ञ तर करायचाच, पण पशू पिठाचा. स्मार्त पंडितांना हे मान्य नव्हते. वेदाने पशू सांगितला असता पीठ कोठून आणले, असे ते विचारीत. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या पंडितवर्गात या पिष्टपशूच्या खंडन-मंडनाचे ग्रंथ पुढे कितीतरी काळ लिहिले जात होते. म्हणजे एकाच पिठाच्या पशूवर एका बाजूने हिंसेचा आरोप होता आणि दुसऱ्या बाजूने हिंसा चुकविल्याचा! असो.

याच पेचात एक सम्राट मध्वाचार्यांच्या सातशे वर्षे आधी सापडला होता, आणि तोही चीनमध्ये. ल्यांग वंशाचा सम्राट वू याने इ. स. ५०२ ते ५४९ पर्यंत आजच्या नानचिंगच्या ठिकाणी असलेल्या राजधानीतून दक्षिण चीनवर राज्य केले. तो निष्ठावंत बौद्ध होता. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतात बौद्ध भिक्षू भिक्षान्नावर जगत. पात्रात जे पडेल ते घ्यावे, आणि आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली नसेल तर मांसही चालेल, असा जुना विनयाचा नियम होता. चीनमध्ये मठांना स्वतःच्या जमिनी व स्वयंपाकघरे आली. काय शिजवायचे हे आता मठाच्या हाती होते, त्यामुळे भिक्षेची सबब उरली नाही. वूने भिक्षू-भिक्षुणींना मद्यमांस पूर्ण वर्ज्य करावयास लावले, आणि चिनी भिक्षूंचा शाकाहार तेथून पक्का झाला.

पण भिक्षूंना आज्ञा करणे सोपे. पितरांना कोण आज्ञा करणार? चिनी राजधर्मात पूर्वजांच्या मंदिरात पशुबळी देणे हे राजाचे पहिले कर्तव्य. ५१७ साली वूने हुकूम काढला की, आकाशाच्या आणि पूर्वजांच्या पूजेत पशूंच्या जागी पीठ वापरावे. डोंगर व नद्यांच्या देवतांना मात्र त्याने यातून वगळले. दरबारात मोठा गहजब झाला. पूर्वजांना रक्ताचा नैवेद्य मिळणे थांबले, म्हणजे घराणेच बुडाल्यासारखे, असे मंत्री म्हणू लागले. सम्राटाने ऐकले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सुकविलेल्या मांसाच्या जागी मोठ्या भाकऱ्या आल्या आणि नैवेद्यात भाज्या-फळे आली.

त्याच वर्षीची त्याची आणखी एक आज्ञा इतिहासकारांनी नोंदली आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. सरकारी विणकरांनी रेशमी वस्त्रांत देवतांच्या व पशुपक्ष्यांच्या आकृती विणू नयेत. कारण कपडे बेतताना कात्री त्या आकृतींवर चालते, आणि ते दयेला धरून नाही. म्हणजे सोमदेवाचा आक्षेप या माणसाला चारशे वर्षे आधीच कळलेला होता. चित्रातला पक्षी कापणेही त्याला सोसत नव्हते. तरीही त्याने पूर्वजांपुढे पीठ ठेवले, कारण पूर्वजांना उपाशी ठेवण्याचे धाडस त्याला, किंवा त्याच्या राज्यात कोणालाच, नव्हते. ५४९ साली बंडखोरांच्या कैदेत हा म्हातारा राजा उपासमारीने मेला. पितरांचे रक्त तोडल्याचे फळ, असे म्हणायला पुढच्या टीकाकारांना ही आयतीच संधी मिळाली.

पितरांनंतर पाहुणे. नवव्या शतकात तांग राजवटीचा एक मोठा अधिकारी, त्स्वे आन-छ्येन, सध्याच्या सच्वान प्रांताच्या पश्चिम भागाचा सुभेदार होता. तो बौद्ध, स्वतः बहुतेक भाजीपाल्यावर राहणारा. पण सुभेदाराला मेजवान्या द्याव्याच लागतात. दहाव्या शतकातील एका चिनी आख्यायिकासंग्रहात म्हटले आहे की, हा गृहस्थ कणकेला आणि सुरणाच्या जातीच्या एका कंदाच्या पिठाला रंग देऊन डुकराचा खांदा, मेंढीची तंगडी आणि भाजलेले मांस अगदी हुबेहूब करवीत असे. लोक त्याची तुलना सम्राट वूशी करीत. पाहा, या मेजवानीत जो शाकाहारी होता त्याला नकलेची गरज नव्हती. तो एरवी साधी भाजी खातच होता. गरज होती ती त्याच्या पंगतीला बसणाऱ्या मांसाहारी सरदारांना, आणि आपल्या घरी आलेला पाहुणा कमी मानाने उठू नये या त्याच्या अधिकाराला.

सुंग काळात या नकलेचा धंदा झाला. शन क्वो या अकराव्या शतकातील पंडिताने लोखंडातील पोलादाची उपमा देताना कणकेतील ‘स्नायूं’चा उल्लेख केला आहे: कणीक पाण्यात चोळचोळून धुतली की पिठूळ भाग वाहून जातो आणि मागे चिवट, लवचिक गोळा उरतो. हाच गव्हाचा चीक धुऊन उरणारा चोथा. आपल्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तेव्हा आपण चीक ठेवतो आणि हा चिवट भाग टाकतो. चिन्यांनी चिवट भाग ठेवला, कारण तो दाताखाली मांसासारखा लागतो. तेराव्या शतकातील हांगचौ शहराच्या वर्णनात शाकाहारी खाणावळींच्या पदार्थांत खोटे भाजलेले बदक, खोटी मेंढी अशी नावे येतात. याच शतकात लिन होंग याने ‘खोटे तळलेले मांस’ करण्याची कृती लिहिली: दुधी आणि हा गव्हाचा चोथा पातळ कापून तळावा, चव मांसाहून निराळी ओळखू येत नाही. गंमत अशी की, त्याच्या कृतीत दुधी तळला आहे तो चरबीत! तेव्हा नक्कल म्हणजे शाकाहाऱ्याची चोरटी भूक, हा समज येथेही फसतो. तो स्वयंपाक्याच्या हातचलाखीचा आनंद होता.

चीनमधून ही विद्या मठांबरोबर जपानात गेली. तेथे तळलेल्या टोफूच्या एका पदार्थाचे नाव आजही ‘गान्मोदोकी’ आहे, म्हणजे रानहंसाची नक्कल.

पश्चिमेकडे कारणे वेगळी होती, म्हणून तिकडे फार रेंगाळत नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती स्वयंपाकी उपवासाच्या चाळीस दिवसांत अंड्याच्या टरफलात बदामाचे सारण भरीत. तो संयम मुदतीचा होता. अमेरिकेत मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी १८९६ च्या सुमारास शेंगदाण्यांपासून ‘नटोज’ आणि पुढे गव्हाचा चिवट भाग मिसळून ‘प्रोटोज’ काढले. येणारे रोगी मांसावर वाढलेले. त्यांना एकदम पालेभाजीवर बसविले तर ते पळून जात. पहिल्या महायुद्धाच्या उपासमारीत कलोनचा महापौर कोनराड आडेनाउअर, जो पुढे पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सेलर झाला, त्याने सोयाबीनच्या पिठाचे सॉसेज शोधले. जर्मनीत त्याला पेटंट मिळाले नाही, कारण सॉसेज म्हणजे काय हे तेथील नियमांनी ठरवून टाकले होते आणि त्यात मांस असलेच पाहिजे. शत्रुराष्ट्र इंग्लंडने मात्र १९१८ साली ते दिले. २०१६ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या एका बर्गरमध्ये सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत सापडणारे लोहयुक्त प्रथिन घातले होते, ज्याने तो मांसासारखा लाल दिसे. बनविणाऱ्यांनी तो मुख्यतः मांस खाणाऱ्यांसाठीच केला होता. या तिन्ही ठिकाणी ताट पुन्हा दुसऱ्याचेच आहे.

आता स्वतःच्या घरात येऊ. देशावरच्या गावात जत्रेला बकरे पडते. घरात एखादा माळकरी असेल तर त्याचे भांडे वेगळे मांडतात. वाटण तेच, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे. रश्शाचा रंग तोच. आत तुकड्यांऐवजी पाटवड्या नाहीतर वांगी. गोव्यात श्रावण पाळणाऱ्या हिंदू घरांत कोंबडीच्या शागोतीच्या मसाल्यात पावसाळी अळंबी शिजतात. बंगालीत कच्च्या फणसाला ‘झाडावरचा बोकड’ म्हणतात. या पदार्थांना दांभिक म्हणणे सोपे आहे. पण माळकऱ्याच्या त्या वेगळ्या भांड्याचा विचार करा. तुळशीची माळ घातल्याने त्याने भावकी सोडलेली नसते. जत्रेच्या दिवशी त्याला त्याच पंगतीत, त्याच रंगाचा रस्सा पानात घेऊन बसायचे असते, आणि त्याच्या वहिनीलाही त्याने तसे बसावे असेच वाटत असते. ते भांडे नसते तर यातील किती जणांची माळ दुसऱ्या वर्षापर्यंत गळ्यात राहिली असती? सोमदेवाचा तर्क मला मान्य आहे. पण त्याच्या तर्काने घर सोडून वनात जाणारा मुनी घडतो, आणि घरात राहूनच सुरी खाली ठेवणारे लोक त्याहून किती तरी अधिक असतात.

सोमदेवाच्या बाजूने एक पुरावा मात्र द्यायला हवा. नवरात्रात बकऱ्याऐवजी कोहळा कापण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत आहे. त्या कोहळ्याला कुंकू लावतात, आणि एका घावात त्याचे दोन तुकडे करतात. पुष्कळ घरांत अजूनही साध्या भाजीसाठी किंवा सांडग्यांसाठी आणलेला अखंड कोहळा बाई स्वतः चिरत नाही; पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग पुढचे तिने चिरायचे. ज्या घरांत कित्येक पिढ्यांत कोणी कोंबडेही कापलेले नाही, त्या घरांतही हे पाळतात. का म्हणून विचारले तर ‘तशी पद्धत आहे’ एवढेच सांगतात, आणि विळी पुढे सरकवून घरातल्या एखाद्या पुरुषाला हाक मारतात.